'नाउट' म्हणजे नक्की किती?

कोरेगावकर | १२ मे

मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी लिहितोय. सध्या मुक्काम लीड्स, इंग्लंड. लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलोय. आल्या आल्या एक फजिती झाली, ती आधी सांगतो, प्रश्न मागाहून.

लेकाच्या घरामागे अलॉटमेंट आहेत. म्हणजे गावातल्या लोकांना भाजीपाला करायला वर्षाच्या भाड्यानं दिलेले जमिनीचे तुकडे. जुन्या मापानं एक तुकडा दहा रॉडचा. मी तेहतीस वर्षं पंचायत समितीत काढली, त्यामुळे डोक्यात हिशेब आपोआप सुरू झाला. दहा रॉड म्हणजे एकराचा सोळावा हिस्सा, म्हणजे बरोब्बर अडीच गुंठे! या देशात पहिल्यांदा काही ओळखीचं भेटलं ते हे.

त्यातले एक अडीच गुंठे करतात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक बाबा. डोक्याला चपटी टोपी, पायात गमबूट, पाऊस असो नसो. त्यांच्याकडे रूबार्ब आहे. पानं अळूसारखी मोठी, देठ लालबुंद, चव अंबाडीहून आंबट. पानं विषारी, ती टाकून द्यायची, देठ तेवढे खायचे. मी कुंपणापाशी उभा राहून बघत होतो, तर बाबांनी आठ-दहा देठांची जुडी माझ्या हातात दिली. मी विचारलं, "हाउ मच?"

ते म्हणाले, "नोउट."

मी पाकिटातून पाच पौंडांची नोट काढून पुढे केली. त्यांनी नोटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जरा मोठ्यानं म्हणाले, "नोउट, लॅड, नोउट!" मला वाटलं, कमी पडली. मी दहाची काढली.

मग जो काही खोकला आणि हसू सुरू झालं म्हातारबाबांचं, की शेजारच्या तुकड्यावरची बाई फावडं टाकून बघायला आली. (चौसष्टाव्या वर्षी मला कुणी 'पोरा' म्हटलं, हे मात्र मी त्या गडबडीतही टिपलं.)

लेकानं घरी उलगडा केला. 'नाउट' म्हणजे काही नाही, फुकट. उत्तर इंग्लंडात 'नथिंग' म्हणत नाहीत, 'नाउट' म्हणतात. 'काही' असेल तर 'आउट'. उच्चार दर दहा मैलांवर बदलतो. आमच्या बाबांचा थेट 'नोट'च्या जवळ जातो, त्याला मी काय करू? इथल्या लोकांची स्वतःवरच केलेली एक म्हण आहे. तिचा भावार्थ असा: सगळं ऐक, सगळं बघ, बोल काही नको, खा, पी, पैसे काही देऊ नको, आणि कधी काही फुकटात करायची वेळ आलीच तर स्वतःसाठी कर. लेक म्हणाला, बाबा, हे कोरेगावात खपून जाईल.

आता प्रश्न. नात आठ वर्षांची. ती फुल्ली-गोळा खेळते त्याला 'नॉट्स अँड क्रॉसेस' म्हणते, म्हणजे गोळा झाला 'नॉट'. शाळेत ज्यांनी दंगा केला ते 'नॉटी'. आणि 'नको' म्हणतानाचा 'नॉट' तर आपण पाचवीपासून घोकलेला. हे सगळे एकाच घरातले का? नुसता योगायोग आहे की मूळ एक आहे?

विचारायचं कारण असं, की 'काही नाही' लिहिणं हा माझा पेशाच होता. दरमहा कितीतरी तक्ते वर जायचे. रकान्यात माहिती नसेल तर तो कोरा सोडायचा नाही, कोरा सोडला की शेरा मारून परत येतो. तिथं 'निरंक' लिहायचं. अख्ख्या नोकरीत मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द कुठला असेल तर स्वतःच्या सहीखालोखाल हाच.

जुनी वही | १२ मे

काका, एकाच घरातले. आणि घर चांगलं हजारएक वर्षांचं आहे.

जुन्या इंग्रजीत शब्द होता 'नाविख्त'. त्याचे तुकडे पाडले की तीन निघतात. 'ने' म्हणजे नाही, 'आ' म्हणजे कधीही, आणि 'विख्त' म्हणजे वस्तू, जीव, काहीतरी असलेलं. 'कधी एक चीजही नाही' असा मिळून अर्थ. यातला 'ने' काढला की उरतं 'आविख्त', म्हणजे काहीतरी. तेच तुमच्या बाबांचं 'आउट'. लेकानं जोडी बरोबर सांगितली.

हा 'विख्त' फार गमतीचा. बेवुल्फ हे जुन्या इंग्रजीतलं काव्य, त्यात ग्रेंडेल नावाचा राक्षस रात्री दरबारावर चालून येतो, तिथं त्याला 'विख्त'च म्हटलंय. म्हणजे तोच शब्द राक्षसालाही आणि 'काही नाही'च्या पोटातही. पुढे त्याचाच 'वाइट' झाला, जीव किंवा माणूस या अर्थी, आता तो जुन्या कवितांतच भेटतो. आणि 'नॉट अ व्हिट' म्हणतात, आपल्या 'काडीमात्र नाही'सारखं, त्यातला 'व्हिट'ही त्याच विख्तचा.

'काही नाही' अर्थाच्या 'नॉट'च्या स्पेलिंगमध्ये लिहितात तो न उच्चारला जाणारा 'जी-एच' म्हणजे त्या 'ख्त'मधल्या घासून म्हटलेल्या 'ख'ची खूण. दक्षिण इंग्लंडात तो गळला आणि 'नॉट' राहिलं. यॉर्कशरात, म्हणजे तुमच्या लीड्सकडे, तो गळताना मागे 'उ' ठेवून गेला आणि 'नाउट' झालं. स्कॉटलंडात अजून 'नॉख्ट' ऐकू येतं. जर्मन 'निख्त' याच घडणीचा.

आणि नकाराचा साधा 'नॉट' म्हणजे या मोठ्या शब्दाचं घाईत बोलून झिजलेलं रूप. हे कसं झालं ते मला सगळ्यात आवडतं. आधी इंग्रज नकार क्रियापदाआधी 'ने' लावून द्यायचे: 'इक ने सेज', मी सांगत नाही. हा 'ने' इतका बारीक की कानावरून निघून जायचा. म्हणून जोर द्यायला मागे 'नॉट' लावू लागले, 'मी सांगत नाही काहीसुद्धा' असं. मग सगळा भार मागच्यावर गेला, पुढचा 'ने' गळला आणि उरलं 'आय से नॉट'. जोरासाठी आणलेला पाहुणाच घरमालक झाला. फ्रेंचमध्ये तर 'पा' म्हणजे मुळात पाऊल. 'एक पाऊलही चालत नाही' म्हणता म्हणता आज नुसतं 'पा' म्हटलं तरी 'नाही'. येस्पर्सन या डॅनिश भाषातज्ज्ञानं १९१७ मध्ये हे चक्र नीट मांडलं, म्हणून ते त्याच्या नावानं ओळखतात.

आपणही 'तसूभर हलला नाही' म्हणतो, पण आपला 'तसू' अजून सभ्य आहे, त्यानं 'नाही'ची खुर्ची बळकावलेली नाही. नुसतं 'तसूभर' म्हणून नकार देऊन बघा, समोरचा पुढच्या शब्दाची वाट बघत बसेल.

शंकासुर | १३ मे

बाकी पटलं. 'नॉटी'चं मात्र ओढूनताणून वाटतंय. 'काही नाही'तून 'खोडकर' कसं निघेल? उच्चार जुळला की नातं जोडायचं, हे आपल्याकडेही फार चालतं.

आणि शून्य आपण जगाला दिलं, तेव्हा हे सगळं इंग्रजांना आपल्याकडूनच गेलं असणार, हे अजून कुणी कसं म्हणालं नाही?

जुनी वही | १३ मे

दुसऱ्याचं आधी, कारण ते लवकर संपतं. आकडा म्हणून शून्य आपल्याकडूनच गेलं. 'शून्य'चं अरबीत 'सिफ्र' झालं, इटलीतल्या फिबोनाची या गणितज्ञानं १२०२ मध्ये लॅटिनमध्ये 'झेफिरम' लिहिलं, त्याचं इटलीत 'झेरो'. त्याच 'सिफ्र'ची दुसरी वाट म्हणजे 'सायफर', आणि इंग्रजीत शून्याला आधी तोच शब्द होता. 'झिरो' तिकडे पोचायला १६०० उजाडलं. पण 'नाविख्त' त्याच्या कितीतरी आधीपासून घरात नांदत होता. गणित माहीत नसलेल्या माणसालाही हातात काही नसल्याचं सांगावं लागतंच. आकडा आयात केला, रिकामे हात घरचेच.

आता 'नॉटी'. नातं ओढूनताणून जोडलेलं नाही, पायरी पायरीनं आलंय. चौदाव्या शतकात 'नॉटी' म्हणजे ज्याच्याकडे 'नॉट' आहे तो, कफल्लक. मग 'ज्यात काही राम नाही' असा. मग वाईट, दुष्ट. १६११ च्या इंग्रजी बायबलात यिर्मया या संदेष्ट्याला अंजिरांच्या दोन टोपल्या दिसतात, एकीतले अंजीर उत्तम, दुसरीतले 'नॉटी'. ते अंजीर दंगा करत नव्हते, खाण्याच्या लायकीचे नव्हते. 'किंग लिअर'मध्ये भर वादळात राजा अंगावरचे कपडे फाडायला निघतो, तेव्हा विदूषक त्याला म्हणतो की पोहायला जायला ही रात्र फार 'नॉटी' आहे. तिथंही अर्थ 'वाईट' हाच. सतराव्या शतकात तो शब्द पोरांना लावायला लागले आणि पोरांच्या संगतीत त्याची धार गेली.

आपल्या 'द्वाड'चं काय झालं ते बघा की. द्वाड बाई म्हटलं की वेगळं, द्वाड कार्टं म्हटलं की त्यात निम्मं कौतुक.

शंकासुर | १३ मे

द्वाडसाठी माघार घेतो. अंजिरांसाठीही.

कोरेगावकर | १४ मे

वही ताई, छापून ठेवावं असं लिहिलंत. सुनेनं त्याच बायबलातलं आणखी एक वाक्य काढून दिलं, नीतिसूत्रांतलं. घेणारा म्हणतो 'नॉट आहे, नॉट आहे', आणि घेऊन वाटेला लागला की फुशारकी मारतो. अहो, हा तर आमचा सोमवारचा बाजार! खोंडाच्या दातात बोट घालून 'ह्यात काय हाय?' म्हणणारा माणूस संध्याकाळी पारावर त्याच खोंडाची कौतुकं सांगत बसतो.

पण एक अडलंय. नात म्हणते, त्यांच्या पुस्तकात शून्याचं स्पेलिंग 'ओ'नं, आणि गोष्टीच्या पुस्तकात 'सगळं नॉट झालं' तिथं 'ए'नं. का?

जुनी वही | १४ मे

जुन्या इंग्रजीतच 'नाविख्त' आणि 'नोविख्त' अशी दोन रूपं होती, दोन्ही टिकली. ब्रिटनमध्ये आकड्याला 'ओ'वालं, 'धुळीला मिळालं' या अर्थी 'ए'वालं, अशी वाटणी होत गेली. अमेरिकेत ती पाळत नाहीत.

बाप्या ह्यूस्टनवाला | १५ मे

अमेरिकेचं नाव निघालंय तर हजेरी लावतो. मी इकडे विजेची कामं घेतो. आमच्यात 'नॉट' नाही, 'ऑट' आहे. जाड केबल मागवायची तर 'फोर-ऑट' म्हणायचं. लिहिताना चार, तिरकी रेघ, शून्य. म्हणजे चार शून्यं.

इकडच्या गेजमध्ये, म्हणजे तारेच्या जाडीच्या मापात, नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. असं सांगतात की तार बारीक करायला भोकाच्या पट्टीतून जितक्या वेळा ओढायची तितका तिचा नंबर. सोनार ओढतो तसंच. छत्तीस नंबर म्हणजे केसासारखी, ०.१२७ मिलिमीटर. एक नंबर साडेसात मिलिमीटरच्या आतबाहेर. मग एकाहून जाड लागली तर? शून्य. त्याहून जाड? दोन शून्यं. असं करत चार शून्यांपर्यंत, ११.७ मिलिमीटर, भरीव तार धरली तर. माझ्या हाताखाली नवीन आलेला पोरगा पहिल्या दिवशी चार शून्यांची केबल एका हातानं उचलायला गेला आणि तसाच वाकून राहिला. चार वेळा 'काही नाही' लिहिलंय, आणि कंबर धरली!

१९०६ साली इथल्या लष्करानं घेतलेली एक गोळी आहे, तिलाही 'थर्टी-ऑट-सिक्स' म्हणतात. ऑट-सिक्स म्हणजे सालातले शून्य-सहा. वही ताई, पण तुम्ही म्हणता 'आउट' म्हणजे काहीतरी. आमचा 'ऑट' म्हणजे शून्य. हे कसं?

सिस्टर सोलापूर | १५ मे

मध्येच बोलते. ऑपरेशनच्या टाक्यांच्या धाग्याचं बरोबर उलटं असतं. शून्यं वाढली की धागा बारीक. पोटाला जाड, चेहऱ्याला सिक्स-झिरो, डोळ्याला टेन-झिरो, तो नुसत्या नजरेला नीट दिसतसुद्धा नाही. बाप्या दादा, आमच्या थिएटरमध्ये फोर-झिरो मागितलं आणि तुमचं फोर-ऑट आलं तर पेशंटला क्रेनच लागेल.

जुनी वही | १५ मे

सिस्टर! 😄

बाप्या, तुमचा 'ऑट' चुकून जन्मला. 'अ नॉट' म्हणताना 'न' कुणाचा हा घोळ झाला, आणि लोकांनी तो पहिल्या शब्दाला देऊन टाकला: 'अ‍ॅन ऑट'. 'अ नेप्रन'चं 'अ‍ॅन एप्रन' असंच झालं, 'अ नॅडर' या सापाचं 'अ‍ॅन अ‍ॅडर' असंच. आपली नारंगी युरोपात जाताना वाटेत 'न' हरवून 'ऑरेंज' झाली तीही याच जातीची. म्हणून इंग्रजीत एकच 'ऑट' काहीतरी आणि काही नाही, दोन्ही बाजूंनी साक्ष देतो.

पोपटीप्रेमी, अलिबाग | १७ मे

उशिरा आले, बिरड्याच्या नादात होते. पण त्यातूनच सांगण्यासारखं निघालंय.

काका, तुमच्या 'निरंक'ला इंग्रजी तक्त्यात 'निल' लिहायचात ना? तो 'निल' लॅटिन 'निहिल'चं आखडलेलं रूप. 'निहिल' म्हणजे 'ने' अधिक 'हिलम'. आणि हिलम म्हणजे काय, ते रोमन कोशकार फेस्टस सांगतो: शेंगेतल्या दाण्याला चिकटलेलं असतं ते. म्हणजे 'निल' म्हणजे दाण्यावरच्या त्या एवढ्याशा खुणेइतकंही नाही! मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, तिथं आजही बीजावरच्या त्या व्रणाला हिलमच म्हणतात. शेंगेतून दाण्याला अन्न पोचवणारी नाळ जिथं जोडलेली असते ना, ती जागा. दाण्याची बेंबीच म्हणा.

वाल घरात असतील तर एक हातात घ्या. तांबूस दाणा, आणि कडेला पांढरी रेघ, नखानं खडूची रेघ ओढल्यासारखी. मी काल रात्री भिजवलेले मोड आल्यावर सोलत होते. कोमट पाण्यात टाकून अंगठ्यानं दाबलं की डाळिंबी सुळकन बाहेर येते आणि रेघ सालाबरोबर ताटात राहते. इतकी वर्षं ती सालं गाईला घालते आहे, म्हणजे रोज ताटभर हिलम!

आणि शंकासुर, आपल्या शून्याला जुनी माणसं 'पूज्य' म्हणायची, ते विसरू नका. माझी आजी आम्हा नातवंडांना 'अकलेच्या नावानं पूज्य' म्हणायची. आम्ही बरीच वर्षं ते कौतुक समजत होतो.

कोरेगावकर | १८ मे

पोपटीप्रेमी ताई, तुम्ही माझी झोप उडवलीत. तेहतीस वर्षं 'निल' आणि 'निरंक' लिहिलं. एकात अंक आहे, एकात वालाची रेघ. नाविख्तमध्ये तर राक्षस. नुसतं 'नाही' म्हणून कुणाचंच भागलेलं दिसत नाही, आधी काहीतरी समोर ठेवायचं आणि मग तेही नाही म्हणायचं. आमचे साहेब कोरा रकाना का परत पाठवायचे ते आत्ता कळलं. त्यांना कळलं होतं असं मात्र मी म्हणणार नाही.

इथल्या भारतीय दुकानात वाल मिळतात का बघतो.

कोरेगावकर | २९ जून

धागा वर काढतोय, माफ करा. वाल मिळाले. बिरडं केलं, सुनेनं दोनदा वाढून घेतलं.

मूठभर कोरडे वाल खिशात टाकून काल अलॉटमेंटवर गेलो. रूबार्ब संपत आलाय, बाबांचे ब्रॉड बीन आता तयार आहेत. पावट्याच्या तिप्पट मोठी शेंग, आत कापसासारखी मऊ गादी, त्यात चपटे हिरवे दाणे निजलेले. मी त्यांना आपला वाल दाखवला, पांढरी रेघ दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितला, मग आपली एक शेंग मोडली आणि दाणा माझ्या तळव्यावर ठेवला. त्याच्या टोकाला तशीच रेघ, पण काळी, भुवईसारखी.

लेकाला विचारून आलो होतो. हा ब्रॉड बीन म्हणजे लॅटिन 'फाबा', फेस्टसनं ज्याचं नाव घेतलं तोच दाणा. मला राहवेना. मी त्या काळ्या रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात?

बाबांनी वाकून बघितलं. म्हणाले, "दॅट? दॅट्स नोउट."

मग म्हणाले, रेघ काळी पडली म्हणजे दाणा निबर झाला, खरं तर गेल्या आठवड्यातच तोडायला हवे होते. आणि दोन ओंजळी शेंगा माझ्या पिशवीत टाकल्या. या वेळी मी पाकिटाला हात लावला नाही.